तीन थेंब तेल आणि एक मिशी

तेल लावून दाढी करायची, असं लेक फोनवर म्हणाली तेव्हा मी तिला विचारलं, "मग उटणं लावून नखं कापायची का?" ती हसली. पुण्यात राहणारी माणसं आपल्या बोलण्यावर हसतात आणि करायचं तेच करतात. चौथ्या दिवशी नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारात खोकं येऊन पडलं. खोक्यात आणखी एक खोकं, त्यात कागदाच्या चिंध्या, आणि त्या चिंध्यांत अंगठ्याएवढी बाटली. लेकीच्या बारशाला आलेली सोन्याची अंगठीसुद्धा कुणी एवढी गुंडाळून आणली नव्हती.

निमित्त काय, तर माझी मान. आमच्या बोअरच्या जड पाण्याला धड फेस येत नाही. चाळीस वर्षं त्याच पाण्यात ब्रश घोळवून, गालावर जमेल तेवढा फेस चढवून, वरून तुरटी फिरवून मी दाढी करत आलोय. मानेवर लाल पुरळ उठतं, दुपारपर्यंत चुणचुणतं, संध्याकाळी बसतं. यात जगाला सांगण्यासारखं काय आहे? पण लेकीने व्हिडिओ कॉलवर मान बघितली आणि तिचा जीव कळवळला. म्हणे, "पप्पा, केमिकलमुळे होतं ते. नॅचरल वापरा." मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मला ही पोरगी केमिकल म्हणजे काय ते सांगणार! पाणीसुद्धा केमिकलच असतं, हे तिला सातवीत मीच शिकवलेलं.

बाटलीवर इंग्रजीत लिहिलं होतं, शंभर टक्के नैसर्गिक. अरे, धोतऱ्याचं बीसुद्धा शंभर टक्के नैसर्गिक असतं, खाऊन बघ म्हणावं. पुढे आत काय काय आहे त्याची यादी होती. तीळ, लवंग, एरंडेल. एरंडेल! लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं ते एरंडेल. ज्याच्या नुसत्या वासाने आम्ही भावंडं गोठ्यात जाऊन दडायचो, ते आता काचेत भरून, सोनेरी झाकण लावून आमच्याच तोंडाला फासायला आलं होतं. आणि बाटलीवर चित्र कुणाचं, तर छातीपर्यंत दाढी वाढवलेल्या एका बाप्याचं. ज्याने जन्मात गालाला वस्तरा लावलेला दिसत नाही, तो मला दाढी शिकवणार. मी बाटली बेसिनवरच्या फळीवर मागे सारून दिली आणि आपली क्रीमची ट्यूब पुढे ओढली.

त्या दिवसांत माझं चित्त तसंही थाऱ्यावर नव्हतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी वडील अंथरुणाला लागले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पंच्याऐंशी पार केलेले, डोळ्यांनी जवळजवळ अंध, पण दुखणं म्हणाल तर काही नाही. त्यांनी फक्त जेवण सोडलं होतं. "चव न्हाई," एवढंच म्हणायचे आणि ताट हाताने सरकवायचे. धाकटा भाऊ आणि त्याची बायको शेती सांभाळून त्यांचं सगळं करत होती, पण दुधाच्या दोन घोटांपलीकडे दादा जाईनात. डॉक्टर म्हणाला, रिपोर्ट चांगले आहेत, आता त्यांच्या मनावर आहे. एवढं शिकून डॉक्टर हे सांगतो! कप्पाळ! हे तर आमच्या शेजारची म्हातारीही सांगेल. पण मी त्या दिवसापासून आतून घाबरलो होतो, ते मात्र खरं. दर रविवारी सकाळी स्कूटर काढायची, गावाला जाऊन त्यांच्या खाटेवर बसायचं आणि दादा अजून आहेत हे बघून परत यायचं, असं चाललं होतं.

नजर गेल्यापासून दादा माणूस हाताने बघतात. मी गेलो की पहिला हात गालावरून फिरवायचा. खुंट लागले तर हात झटकून म्हणणार, "कुनाचं सुतक हाय रं?" कारण आमच्याकडे दाढी वाढते ती सुतकात. दाढीचं हे असं, तर मिशीचं त्याहून कडक. मिशी उतरते ती आई नाहीतर बाप गेल्यावरच. आई गेली तेव्हा दहाव्याला नदीवर बसून मी आणि धाकट्याने डोकं आणि मिशी दिली, त्यानंतर माझ्या ओठाला काही लागलेलं नव्हतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. वर्गात तर याची टिंगल करायचो. पण मिशी होती, ते मात्र खरं. का ठेवली होती, ते विचारू नका.

तर एका रविवारी सकाळी ट्यूब संपली. पिळली, लाटण्याने लाटली, कात्रीने कापून आत बोट घातलं. काही नाही. आमच्या बाजूचे दुकानदार दहाच्या आत शटर वर करतील तर शपथ. आणि खुंट घेऊन दादांसमोर जायची माझी त्या दिवसांत छाती नव्हती. सुतक हा शब्दच त्यांच्या तोंडून ऐकायचा नव्हता मला. बायको आतून म्हणाली, "ते तेल आहे ना पोरीने पाठवलेलं? ते लावा की." नाइलाजाने कामाला लागलो.

कागदावर सूचना होत्या. तोंड कोमट पाण्याने धुवा, तीन ते चार थेंब तळहातावर घ्या, हलक्या हाताने चोळा. तीन थेंब! एवढ्या थोरल्या थोबाडाला तीन थेंब म्हणजे दर्यात खसखस. तेल म्हटलं की आमच्या घरी एकच माप, दिवाळीच्या पहाटेचं. अंगावरून निथळलं पाहिजे. आईने कधी थेंब मोजून कुणाला तेल लावलं नाही, आणि जे मोजून लावायचे त्यांना ती चिकट म्हणायची. मी अर्धी बाटली तळहातावर ओतली आणि गाल, हनुवटी, मान, ओठ, सगळं अभ्यंगाला बसल्यासारखं माखून काढलं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, म्हणजे हसणारे हसायला मोकळे. फेसाचं एक बरं असतं. पांढरं दिसतं तिथे व्हायचंय, पांढरं गेलं तिथे झालंय. मिशीपाशी फेस थांबतो, तिथे हातही थांबतो. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. तेलाला रंग नाही की काठ नाही. सगळं तोंड एकसारखं चकचकीत. त्यात तेल लागेल म्हणून चष्मा काढून ठेवलेला, आणि बोटं इतकी बुळबुळीत की रेझर हातात ठरेना. डाव्या गालावरून वर येताना तो फिरला आणि सर्रकन मिशीचं टोक घेऊन गेला.

चष्मा लावून बघितलं. डावीकडे पाव मिशी नाही. शहाण्या माणसाने इथेच थांबून न्हावी गाठला असता. मी उजवीकडून तेवढीच काढली. ती जरा जास्त गेली. म्हणून डावीकडून आणखी थोडी. लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडाची गोष्ट मी पोरांना किती वर्षं सांगितली असेल, आणि त्या सकाळी बेसिनपाशी उभा राहून मी तेच माकड झालो. शेवटी नाकाखाली बोटभर पट्टी उरली. ती ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. करायला गेलो गणपती, झाला मारुती. पट्टीही काढली.

एक गोष्ट मनात नसताना सांगावी लागते. आग झाली नाही. मान चुणचुणली नाही, कुठे कापलं नाही, तुरटीची गरज पडली नाही. गालावरून हात फिरवला तर लहान पोराच्या गालासारखा लागत होता. याचा मला आणखीच संताप आला.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो," ती म्हणाली, "दादा आहेत अजून."

"माहीत आहे मला."

"मग हे काय करून बसलात?"

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "आज जाऊ नका गावाला. निदान मास्क तरी लावा." मग मात्र माझं डोकं फिरलं. मिशी म्हणजे केस, केस म्हणजे मेलेल्या पेशी, दादांचं आयुष्य काही माझ्या ओठाला टांगलेलं नाही, असं भाषणच मी तिला ठोकलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "मला पटलं. आता हे गावाला सांगा." मी पांढरा सदरा चढवला, ऊन होतं म्हणून डोक्यावर पांढरी टोपी घातली आणि स्कूटरला किक मारली.

गावाच्या फाट्यावर आलो आणि मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने माझ्याकडे बघितलं, एक शब्द न बोलता चाक खोललं. शेजारच्या टपरीवाल्याने न मागता चहा आणून दिला. एरवी "काय गुरुजी, पेन्शन काय म्हनती?" म्हणून पिडणारी माणसं. आज टपरीवरचा रेडिओसुद्धा बंद केला. पैसे द्यायला गेलो तर पंक्चरवाल्याने हात जोडले आणि मान हलवली. टपरीवालाही तसाच. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, अखेर या गावाला शिक्षकाची किंमत कळली. शाबास! तीस वर्षं पोरांना निरीक्षण शिकवणारा हा मास्तर, आणि समोर घडतंय ते त्याला दिसेना.

फाट्यावरून घर तीन किलोमीटर. चाक होईपर्यंत माझ्याआधी बातमी जाऊन पोचली होती. दादांनी जेवण सोडलंय हे गावाला ठाऊकच होतं. त्यात थोरला लेक नगरहून पांढऱ्या कपड्यांत आला, आणि मिशी नाही. आणखी काय पाहिजे? मिशी दहाव्याला उतरते, त्याच दिवशी नाही, एवढं तरी डोकं चालवायचं. पण शहरातली माणसं सगळंच आधी उरकून घेतात, अशी आमच्या गावाची पक्की समजूत. विचारायचं कुणी? असल्या वेळी विचारत नाहीत, नुसतं जाऊन बसायचं असतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दादांचा फोटो हार घालून, खाली दोन समया लावून टाकलेला. हे मला नंतर कळलं. ज्या कार्ट्याला तीन तास आधी सांगितलं तरी ग्रामसभेची वेळ ग्रुपवर टाकता येत नाही, त्याने हार आणि समया पाच मिनिटांत जमवल्या होत्या.

मी गल्लीत वळलो तर आमच्या दारात ट्रॅक्टर. आमच्या गावात कुणी गेलं की भावकीतला एक जण न सांगता ट्रॉली जोडतो आणि लाकडं, गोवऱ्या भरून दारात आणतो. लग्नाला बोलावूनही तासभर उशिरा येणारी आमची भावकी, या कामाला मात्र वेळेच्या आधी. ट्रॉली भरलेली होती, वर रॉकेलचा डबा.

अंगणात पंधरा-वीस माणसं खाली मान घालून बसलेली. आणि ओट्यावर खाटेवर, पाठीशी उशी घेऊन बसलेले, दादा. जिवंत. लोक आले, बघितलं तर म्हातारा बसलेला. परत जावं तर कसं, आणि का आलो हे सांगावं तर कसं? त्यात दादांना पावलं ऐकू आली आणि ते म्हणाले, "या, बसा." बसले सगळे. धाकटा भाऊ रानात पाणी धरायला गेलेला, आणि त्याची बायको एवढ्या माणसांना चहा ठेवू का म्हणून दारात उभी राहून एकेकाकडे बघत होती.

स्कूटर बंद केली तशा सगळ्या माना वर झाल्या. मग सगळे माझ्या ओठाकडे बघायला लागले. आणि तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मागे वळून पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू? जेवण सोडलेला माणूस. मनावर आहे म्हणाला होता डॉक्टर. आणि मी त्यांच्या दारात त्यांचंच सुतक घेऊन उभा.

"थोरला आला का रं?" दादांनी आवाज ओळखला, स्कूटरचा. मी जाऊन खाटेवर बसलो. सवयीने त्यांचा हात गालावर आला. "आज गुळगुळीत केलीस," म्हणाले. मग बोट वर सरकलं आणि ओठावर थांबलं. पुन्हा इकडून तिकडे फिरलं.

"कोन गेलं रं?" दादा म्हणाले. "धाकटा कुठं हाय?"

"रानात आहे दादा. कोणी गेलं नाही. माझा हात घसरला. दाढीला तेल लावलं होतं."

"तेल?"

मग मी सगळं सांगितलं. वीस माणसांसमोर, विज्ञानाच्या मास्तराने, बाटली, एरंडेल, चष्मा, माकड, सगळं. कुणी हसलं नाही. दादा ऐकत होते. मग त्यांनी अंगणाकडे तोंड केलं.

"म्हंजी ही मंडळी माझ्यासाठी आलीत व्हय?"

दोघं-तिघं चपला शोधायला लागले.

"आन् ट्रॅक्टर वाजला मघाशी. लाकडं आनली का?"

"व्हय दादा," भावकीतला तो शहाणा बोलला. काय आवाज निघाला त्याचा!

"बाभळीची का लिंबाची?"

"बाभळीची."

"वाळल्याली हायेत का? वल्ली आसंल तर ने माघारी. लई धूर हुतो." आणि दादा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अंगण हसायला लागलं. मला मात्र हसू येईना, मी त्यांचा हात धरून बसलो होतो.

हसू ओसरल्यावर त्यांनी पुन्हा माझ्या ओठाला बोट लावलं. "येड्या," म्हणाले, "मी आसतानाच काढून बसलास. आता खरंच गेलो तर काय काढशील? भुंड्यानं उभा ऱ्हाशील व्हय मसनात? आता मिशी येऊस्तवर मला थांबाया लागंल." आणि सुनेला हाक मारली, "भाकर कुस्कर गं दुधात. आन् ह्यांना च्या टाक. एवढं लांबून आल्यात."

अख्खी भाकरी खाल्ली त्यांनी. महिनाभरात पहिल्यांदा. भावजय पदराने डोळे पुसत आत गेली.

त्यानंतर ते दोन्ही वेळा जेवायला लागले. मी म्हटलं, हसले म्हणून आतडी मोकळी झाली असतील. गेलो की हात ओठावर. "उगवली का?" "उगवतेय." पाचव्या रविवारी मिशी भरली. दादांनी चाचपली, पिळून बघितली, म्हणाले, "आली की रं झ्याक." खूश झाले. मीही झालो. मग भावजयीने दूध-भाकरीची वाटी पुढे केली, आणि दादांनी ती हाताने सरकवली. "चव न्हाई."

योगायोग. दुसरं काय? एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे मी फळ्यावर लिहून दिलंय पोरांना. पण त्या आठवड्यात धाकट्याचा रोज फोन. भाऊ, आज पण दूधच. भाऊ, आज दूध पण नाही. पुढच्या रविवारी पहाटे उठलो, चष्मा घातला, तोंड कोमट पाण्याने धुतलं, फळीवरची बाटली पुढे ओढली आणि तीन थेंब घेतले. मोजून. मिशी साफ काढली. बायको दारात उभी होती. तिने हातात टॉवेल दिला, तेवढं तिला कळतं.

त्या दिवशी दादांनी ओठ चाचपला. "ही कुठं गेली?"

"झडली दादा. वय झालं माझंही. पुन्हा येईल."

"आसं," म्हणाले. आणि जेवले.

तेव्हापासून हे चाललंय. गावात लोक मला बघून तोंड फिरवून हसतात, हसू देत. मागच्या रविवारी मी बाटली गावाला घेऊन गेलो. न्हाव्याच्या वस्तऱ्याने दादांच्या सैल पडलेल्या कातडीला लागतं, म्हणून मीच त्यांची दाढी केली. तीन थेंब लावले. त्यांनी वास घेतला. "ह्ये तर तुझी आई पाजायची त्येच की!" म्हणाले. त्यांची पांढरी मिशी बोटाने वर धरून मी कडेकडेने रेझर फिरवला, कुठे धक्का लागू दिला नाही. "लागलं न्हाई," दादा म्हणाले. मग त्यांनी हात वर केला, माझ्या ओठावरून फिरवला, आणि बोट तिथेच ठेवलं.

"लबाडा. तू काढतोस ती."

मी रेझर धुवत राहिलो.

"काढ," म्हणाले. "मला बी कुठं घाई हाय?"

काल लेकीला फोन केला. बाटली तळाला गेलीय म्हटलं, आणखी पाठव. ती हसायला लागली. "पप्पा, तुम्हाला तर ते आवडलं नव्हतं ना?"

"आवडलेलं नाहीच," मी म्हणालो. "बकवास तेल आहे. त्यांच्याकडे मोठी बाटली मिळते का, तेवढं बघ."